फ्रीमाँटची दोरी

नाना देशांच्या माणसांकडून एकत्र काम करवून घेण्याचा प्रश्न निघाला की राष्ट्रस्वभावाचा उल्लेख अपरिहार्यपणे होतो: जपानी मनुष्य आज्ञाधारक, अमेरिकन स्वतंत्र वृत्तीचा, आणि आपण वरिष्ठांपुढे मान खाली घालणारे. गेर्ट हॉफस्टेड या डच विद्वानाने आय.बी.एम.च्या निरनिराळ्या देशांतील नोकरवर्गाच्या उत्तरांवरून १९८० साली जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात या भेदांना आकड्यांचे रूप आले. आणि तेव्हापासून पुष्कळ व्यवस्थापक, वधूवरांच्या पत्रिका जुळवाव्यात तसे, दोन देशांचे आकडे शेजारी मांडून पुढील संसाराचे भाकीत करू लागले.

कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे जे घडले, ते मात्र असल्या भाकितात मावणारे नव्हते. जनरल मोटर्सचा तेथील कारखाना इतका बदनाम की पाचांतला एक कामगार गैरहजर असणे नित्याचे झाले होते, कामावर मद्यपान चाले, आणि व्यवस्थापन व कामगार संघटना यांचे वैर विकोपास गेले होते. १९८२ साली कंपनीने त्याला टाळे ठोकले. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत ‘नुम्मी’ या नावाने तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा कारभार जपान्यांकडे गेला, पण कामगार बहुतांशी जुनेच होते आणि संघटनाही तीच.

शेकडो गटप्रमुखांना प्रथम जपानात टोयोटा शहरी शिकावयास धाडण्यात आले. तेथे असेंब्ली लाइनच्या कडेने एक दोरी ताणलेली असे. एखादा बोल्ट वाकडा बसला किंवा हात मागे पडला, की कामगाराने ती बेलाशक ओढावयाची. ओढताच धून वाजे, फलकावर त्याच्या जागेचा दिवा लागे, आणि गटप्रमुख मदतीस धावून येई. गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत सरकेस्तोवर दोष निघाला तर ठीक, नाही तर लाइन थांबे. ज्या फ्रीमाँटमध्ये काहीही झाले तरी लाइन थांबवावयाची नाही असा दंडक होता, आणि सदोष गाड्या तशाच पुढे रेटून मागाहून आवारात दुरुस्त होत, तेथल्या माणसाला या दोरीचा अर्थ काय वाटला असेल! हीच दोरी फ्रीमाँटला आली, तेव्हा त्याच्या हाती अधिकार आला होता. नुम्मीत साहेब व कामगार एकाच उपाहारगृहात जेवत, हेही बोलबाल्याचे झाले. पण मला त्याहून मोठी वाटते ती १९८८ च्या सुमाराची गोष्ट, की मागणी घसरून कारखाना अर्धवट रिकामा चालला असताही कोणास कमी केले नाही. रिकाम्या हातांना शिक्षणाला बसविले. गैरहजेरी सुमारे दोन टक्क्यांवर आली.

तेव्हा जो स्वभाव म्हणून गृहीत धरला होता, त्यातला बराचसा भाग जुन्या बंदोबस्ताचा परिणाम होता. अर्थात सगळाच नव्हे. बेकारीचे दिवस पाहिलेला मनुष्य पुन्हा लाभलेली नोकरी जपणारच.

जनरल मोटर्सने ही विद्या लॉस एंजेलिसमधील व्हॅन नाइसच्या कारखान्यात नेऊ पाहिली. दोरी तेथेही आली, पण किती गाड्या बाहेर पडल्या यावरच वरिष्ठांची कर्तबगारी मोजली जात असल्याने, ती ओढणारा कामगार त्यांच्या डोळ्यांत सलू लागला. संघटनेतल्या अनेकांनाही हा कामगारांना फसविण्याचा नवा डाव वाटला. १९९२ साली तो कारखाना बंद झाला.