विणलेल्या जॅकेटला कात्री लावायची, ती कशी?

आजच्या भागाचा हा लेखी अवतार. विषय आहे एस्टोनियाच्या पारंपरिक शैलीतलं फुलाफुलांचं लोकरी जॅकेट. ते विणून होतं आणि मग चक्क समोरून कात्रीने कापतात. तरी उसवत नाही. का, ते आज बघू.

आधी रंगांचं. एस्टोनियाच्या पश्चिमेला मुहू नावाचं बेट आहे. तिथला भडक गुलाबी आणि नारिंगी रंग प्रसिद्ध. हे रंग फार जुने नाहीत बरं का. 1856 मध्ये लंडनला विल्यम पर्किनने पहिला कृत्रिम रंग बनवला. पुढच्या काही दशकांत असे रासायनिक रंग गावोगाव पोचले आणि मुहूच्या बायकांनी ते मनसोक्त वापरले. म्हणजे ज्याला आपण ‘परंपरा’ म्हणतो, ती तेव्हाची ताजी फॅशन होती.

आता विणकाम. फूल म्हणजे आलेखाच्या कागदावरचे चौकोन. एक चौकोन, एक टाका. अगदी पिक्सेलसारखं. एका ओळीत शक्यतो दोनच रंग चालवतात. जो रंग टाक्यात नसतो, तो मागून मोकळा जातो. हा मोकळा धागा पाचेक टाक्यांपेक्षा लांब झाला की बाही घालताना त्यात बोटं अडकतात. म्हणून तो मध्येच गुंतवून घ्यायचा. तो घट्ट ओढलात तर कापडाला चुण्या पडतात. या मागच्या धाग्यांमुळे कापड जवळजवळ दुहेरी आणि उबदार होतं.

तिसरा रंग हवा असेल तर? तिथे ‘रोसिमिने’ येतं. ‘रोस’ म्हणजे गुलाब. विणता विणताच वेगळा धागा टाक्यांच्या समोरून फिरवतात, त्यामुळे भरतकाम केल्यासारखं दिसतं. हातमोज्यांवर हे खूप दिसतं. मुहूची मोठी, खरीखुरी वाटणारी फुलं मात्र सुईने भरलेली असतात.

मग कात्री कशाला? जॅकेट पुढून उघडं असतं, म्हणजे सरळ-उलट ओळी विणाव्या लागणार. उलट्या ओळीत नक्षी पलीकडे आणि मोकळे धागे आपल्यासमोर. चूक दिसतच नाही. त्यावर उपाय म्हणजे गोल सुईवर बंद नळी विणायची. सुलट बाजू कायम समोर राहते. मधोमध पाच-सात जादा टाके घ्यायचे आणि शेवटी तिथे कापायचं. ही युक्ती शेटलंड आणि नॉर्वेच्या विणकामात नावाजलेली आहे. एस्टोनियन नमुन्यांची जॅकेटं विणणारेही आज ती वापरतात.

उसवत का नाही? सुटलेला टाका शिडीसारखा खाली धावतो, आडवा नाही. आपण कापतो उभं, टाक्यांच्या रांगेला समांतर. शिवाय मेंढीच्या लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात, ते एकमेकांना धरून ठेवतात.

इथेच आपल्याकडे गोची होते. आपल्या दुकानात ‘लोकर’ म्हणून जे मिळतं, ते बऱ्याचदा अ‍ॅक्रिलिक असतं. त्याला खवले नाहीत, ते निसटतं. मशीनमध्ये धुता येणाऱ्या सुपरवॉश लोकरीचे खवलेही गुळगुळीत केलेले असतात. म्हणून लेबल वाचा. तरीही तोच धागा वापरायचा असेल तर कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना मशीनने बारीक टाक्यांच्या दोन-दोन शिलाया मारा, मगच कापा. खरी लोकर असली तरी पहिल्या वेळी एक शिलाई असू द्या.

आणि महिनोन्‌महिन्यांच्या कामावर थेट कात्री नको. त्याच धाग्याचा हातभर तुकडा विणा, धुवा, कापा, ओढून बघा. तो टिकला तर जॅकेटही टिकेल.

तुमचा तुकडा टिकला की नाही ते कळवा. भेटू पुढच्या भागात!