पन्नास किलोंची भिंगरी

फायनल इयरचं प्रोजेक्ट म्हटलं की काय आठवतं? सबमिशनच्या आदल्या रात्रीचं जागरण आणि व्हायवाच्या दिवशीच नेमकं बंद पडणारं मॉडेल! आता कल्पना करा, तेच मॉडेल शेकडो किलोमीटर उंचीवर पृथ्वीभोवती फिरतंय. बंद पडलं तर उघडून बघायची सोय नाही. सरांना 'काल तर चालत होतं' असं सांगूनही उपयोग नाही.

टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधले विद्यार्थी आणि प्राध्यापक ही रिस्क २००३ पासून घेत होते. त्या वर्षी जूनअखेरीस त्यांचा 'क्यूट-१' अवकाशात गेला. दहा सेंटिमीटरचा ठोकळा, वजन साधारण एक किलो. जगातल्या अगदी सुरुवातीच्या क्यूबसॅटपैकी हा एक.

पुढचा प्रयोग आणखी भन्नाट होता. 'क्यूट-१.७'चा मेंदू म्हणून त्यांनी बाजारात मिळणारा पीडीए, म्हणजे स्मार्टफोनच्या आधीचा हातातला कॉम्प्युटर, वापरला. २००६ मध्ये गेलेला हा उपग्रह काही आठवड्यांतच गप्प झाला. अवकाशातल्या किरणोत्साराने घात केला होता. पोरांनी डिझाइन सुधारलं आणि दुसरी आवृत्ती केली. ती कुठून उडाली माहितीये? आपल्या श्रीहरिकोटाहून! २८ एप्रिल २००८ ला पीएसएलव्ही-सी९ ने एकाच फेरीत दहा उपग्रह सोडले, त्यातला हा एक.

त्यात प्रकाशाची अगदी बारीक चाहूल टिपणारा एक सेन्सर होता. अवकाशात तो टिकतो का, हे बघायचं होतं. कारण पुढचं स्वप्न मोठं होतं: 'त्सुबामे'.

त्सुबामे म्हणजे स्वॉलो, आपली भिंगरी. नाव चपखल होतं, कारण या सुमारे ५० किलोंच्या उपग्रहाला गर्रकन वळायचं होतं. दूरच्या विश्वात गॅमा किरणांचे प्रचंड स्फोट होतात. ते कधी आणि कुठल्या दिशेला होतील, सांगता येत नाही. काही क्षणार्धात संपतात, तर काही थोडी मिनिटं चालतात. शिवाय वातावरण हे किरण शोषून घेतं, त्यामुळे जमिनीवर बसून ते पकडता येत नाहीत. म्हणून त्सुबामेत वेगाने फिरणारी चाकं बसवली होती. चाकाचा आस तिरका केला की अख्खा उपग्रह वळतो. स्फोट दिसला की तिकडे तोंड करायचं आणि किरणांचं ध्रुवीकरण मोजायचं. हीच चपळाई पृथ्वीचे फोटो काढायलाही कामाची, म्हणून सोबत कॅमेराही होता. एकाच यंत्रात खगोलशास्त्र आणि पृथ्वीनिरीक्षण, दोन्ही!

६ नोव्हेंबर २०१४ ला रशियातल्या यास्नीहून त्सुबामे उडाला. लाँच यशस्वी झालं, पण त्यानंतर संपर्कात बिघाड झाला आणि ठरलेलं निरीक्षण राहूनच गेलं. इतक्या वर्षांची मेहनत वर फिरत होती आणि खाली ऐकू काहीच येत नव्हतं.

इथे गोष्ट संपली असती. पण नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच संस्थेचा 'हिबारी' उडाला. हिबारी म्हणजे चंडोल. हा चाकांवर विसंबून न राहता स्वतःचे सोलर पॅनेल हलवून अंग वळवतो, जसं मांजर पडताना हवेतल्या हवेत वळतं तसं. प्रश्न जुनाच होता, चटकन वळायचं कसं? उत्तर मात्र नवं होतं.

यातली खरी अडचण रॉकेटची नाही, कॅलेंडरची आहे. डिग्री चार वर्षांत संपते, उपग्रह मात्र त्याहून जास्त वेळ खातो. जो सर्किट सोल्डर करतो, तो लाँचच्या वेळी कॅम्पसमध्ये असेलच असं नाही. पुण्याच्या सीओईपीचा, एक किलोच्या आसपासचा 'स्वयम्' २२ जून २०१६ ला उडाला आणि आयआयटी मुंबईचा 'प्रथम' त्याच वर्षी २६ सप्टेंबरला. या दोन्ही टीम्सनी हेच अनुभवलं. सिनिअर्स पास आउट होत गेले, ज्युनिअर्स काम पुढे नेत राहिले.

म्हणून यंदा तुमचं मॉडेल व्हायवात बंद पडलं, तर ते का बंद पडलं हे दोन पानांत नीट लिहून ज्युनिअर्सच्या हातात द्या. फाइल रद्दीत टाकू नका. काय सांगावं, त्यांचा चंडोल त्याच दोन पानांवरून उडेल!