हार्ड डिस्कचे पुनर्विभाजन

संगणकाच्या हार्ड डिस्कवरील साठवणीच्या जागेचे जे स्वतंत्र विभाग म्हणजे पार्टिशन पाडलेले असतात, त्यांच्या सीमा बदलणे, विभाग काढून टाकणे वा नव्याने पाडणे या क्रियेस पुनर्विभाजन म्हणतात. घरगुती संगणकात ऑपरेटिंग सिस्टिम असलेल्या मुख्य डिस्कखेरीज छायाचित्रे, कागदपत्रे इ. ठेवण्यासाठी पुष्कळदा दुसरी डिस्क बसविलेली असते. कालांतराने तिचा एक विभाग भरून जातो व दुसरा रिकामा राहतो. अशा वेळी पुनर्विभाजनाची गरज भासते. विभागाची सीमा ही डिस्कमधील भिंत नसून केवळ लिहून ठेवलेली नोंद असते. या क्रियेची सुलभता व तिच्यातील धोका ही दोन्ही यातूनच उद्‌भवतात.

विभाजन-कोष्टक : डिस्कवरील जागा सेक्टर या समान घटकांत मोजतात. सेक्टर परंपरेने ५१२ बाइटांचा असून अलीकडील अनेक डिस्कांत तो प्रत्यक्षात ४,०९६ बाइटांचा असतो. आयबीएम कंपनीच्या पीसी एक्सटी या संगणकात (१९८३) १० मेगाबाइट क्षमतेची डिस्क होती. त्याच वर्षी आलेल्या डॉस २·० या प्रणालीने विभाजनाची जी पद्धत रूढ केली, तिला एमबीआर म्हणतात. तीत डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमधील ६४ बाइटांत प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदी असतात. प्रत्येक नोंदीत विभागाचा प्रकार, आरंभ व लांबी दिलेली असते. सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जात असल्याने ५१२ बाइटांचे सेक्टर धरता सु. २·२ टेराबाइटांपलीकडील जागा या पद्धतीने दर्शविता येत नाही. नंतरच्या जीपीटी पद्धतीत क्रमांकासाठी ६४ बिट व सामान्यतः १२८ नोंदींची सोय असते. शिवाय कोष्टकाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते.

प्रत्येक विभागात फाइलींचा हिशेब ठेवणारी एनटीएफएस, एक्सफॅट, ईएक्सटी४ यांसारखी फाइल-व्यवस्था असते. आपल्या ताब्यात किती जागा आहे याची तिचीही स्वतंत्र नोंद असते. ही नोंद व विभाजन-कोष्टक यांचा मेळ राखणे हे पुनर्विभाजनाचे सूत्र होय.

कार्यपद्धती : विभाग लहान करताना प्रथम त्याच्या शेवटच्या भागातील फाइलींचे तुकडे अलीकडे हलवून फाइल-व्यवस्था आकुंचित करतात व त्यानंतर कोष्टकातील सीमा अलीकडे आणतात. विभाग मोठा करताना हा क्रम उलट असतो. विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट किंवा लिनक्समधील जीपार्टेड यांसारख्या साधनांत हा क्रम आपोआप पाळला जातो. दुसऱ्या डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टिम नसल्याने तिचे विभाग काही काळ वापरातून पूर्णपणे अलग करता येतात. त्यामुळे मुख्य डिस्कपेक्षा येथे काम सोपे जाते.

तथापि विभाग वाढविण्यासाठी मोकळी जागा त्याला लागूनच असावी लागते. समजा, १,००० गीगाबाइटांच्या डिस्कवर पहिला विभाग २०० व दुसरा ८०० गीगाबाइटांचा असून पहिला भरला आहे. दुसरा विभाग शेवटाकडून आकुंचित केल्यास मोकळी जागा डिस्कच्या टोकाला निर्माण होते व पहिल्याला तिचा उपयोग होत नाही. त्यासाठी दुसऱ्याचा आरंभबिंदूच पुढे सरकवावा लागतो आणि तसे करताना त्यातील सर्व माहिती पुढे वाहून न्यावी लागते. सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने ८०० गीगाबाइट माहिती नुसती वाचण्यास सु. सव्वादोन तास वेळ लागतो. लेखनामुळे हा काळ आणखी वाढतो. या अवधीत वीज गेल्यास काही माहिती जुन्या जागी व काही नव्या जागी अशी स्थिती होऊन संपूर्ण विभाग निरुपयोगी होऊ शकतो. म्हणून अशा प्रसंगी माहिती अन्यत्र उतरवून घेणे, दोन्ही विभाग काढून ते नव्याने पाडणे व माहिती परत आणणे हा मार्ग श्रेयस्कर ठरतो.

धोके व दक्षता : डिस्कची निवड चुकणे ही सर्वांत घातक चूक होय. विंडोजमध्ये डिस्कांचे क्रमांक शून्यापासून सुरू होतात आणि जोडणी बदलल्यास ते बदलू शकतात. यास्तव केवळ क्रमांकावर न विसंबता डिस्कची क्षमता व निर्मात्याने दिलेले नाव पडताळून पाहणे आवश्यक असते.

विभाग चुकून काढला गेल्यास सामान्यतः फक्त कोष्टकातील नोंद जाते. मूळ माहिती तिच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत चुंबकीय तबकड्यांवर तशीच राहते. अशा वेळी त्या डिस्कवर काहीही न लिहिता टेस्टडिस्कसारख्या साधनाने हरवलेल्या सीमा शोधून नोंद पूर्ववत करता येण्याचा संभव असतो. एसएसडी या प्रकारात मात्र विभाग नव्याने फॉरमॅट करताना तेथील माहिती निरुपयोगी झाल्याची सूचना डिस्कला दिली जाते व त्यानंतर ती बहुधा परत मिळत नाही.

घरातील छायाचित्रांची एकमेव प्रत दुसऱ्या डिस्कवरच असेल, तर त्या डिस्कला सुरक्षित साठा म्हणता येत नाही. त्याच डिस्कच्या दुसऱ्या विभागात ठेवलेली प्रतही डिस्क बिघडल्यास पहिलीबरोबरच नाहीशी होते. म्हणून पुनर्विभाजनापूर्वी निराळ्या डिस्कवर प्रत घेणे व त्या प्रतीतील काही फाइली प्रत्यक्ष उघडून पाहणे ही या कार्याची पहिली पायरी मानली पाहिजे.