खाली बाजार, वर न्यायासन

न्यायालयाची इमारत म्हटली की उंच पायऱ्या आणि दबकी पावले डोळ्यांसमोर येतात. वेल्समधल्या मॉनमथ गावचा शायर हॉल मात्र लोकांच्या वाटेतच उभा आहे. १७२४ साली भर चौकात बांधलेल्या या दगडी वास्तूच्या तळमजल्यावर कमानी आहेत. तिथे बाजार भरे आणि वरच्या मजल्यावर न्यायाधीश बसत. खाली भावाची घासाघीस, वर माणसाच्या आयुष्याचा हिशेब! दर्शनी कोनाड्यात १७९२ पासून राजा पाचवा हेन्री उभा आहे. त्याचा जन्म याच गावचा.

मला मात्र राजाच्या पुतळ्यापेक्षा आतला चिंचोळा जिना अधिक बोलका वाटतो. तो कोठड्यांतून आरोपीला न्यायदालनाकडे नेतो. नोव्हेंबर १८३९ मध्ये न्यूपोर्ट शहरावर हजारो कामगार चालून गेले. प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत आणि गुप्त मतदान या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. सैनिकांच्या गोळीबारात वीसच्या आसपास माणसे पडली. जॉन फ्रॉस्ट, झेफनाया विल्यम्स आणि विल्यम जोन्स या पुढाऱ्यांवर इथेच राजद्रोहाचा खटला चालला. जानेवारी १८४० मध्ये शिक्षा झाली : फाशी आणि मग देहाचे चार तुकडे. पुढे फाशी टळली, जन्मठेपेसाठी त्यांना समुद्रापार धाडले.

त्यांच्या चळवळीच्या सहा मागण्यांपैकी पाच कालांतराने कायदा झाल्या. आता इथे खटले चालत नाहीत. ज्यांना इथे राजद्रोही ठरवले, त्यांच्याच खटल्यासाठी आज ही इमारत ओळखली जाते.