खडकातली जुनी भेग पुन्हा का सरकते?

पावसाळ्यात तुंगार्लीचा तलाव भरला की लोणावळ्यात पर्यटकांची रीघ लागते. या डोंगरांचा काळा कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. इथून सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर दक्षिणेला, याच सह्याद्रीत आणि याच कातळावर, कोयनेचा शिवसागर जलाशय आहे. तिथे १९६२ मध्ये पाणी साठू लागल्यावर जमिनीला हादरे बसू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे २०० माणसे दगावली आणि कोयनानगर उद्ध्वस्त झाले. तेव्हापासून एक प्रश्न विचारला जातो: धरणाच्या पाण्याने भूकंप होतो का?

याचे उत्तर काळ्या कातळाच्या खाली दडलेले आहे. कोयना परिसरात हा थर सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा असून त्याखाली कितीतरी जुना ग्रॅनाइटसारखा खडक आहे. त्यात जुने प्रस्तरभंग आहेत. प्रस्तरभंग म्हणजे जिच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवर सरकलेले आहेत अशी भेग. मोडलेले हाड जुळावे तशी ही भेगही काळाच्या ओघात खनिजांनी सांधली जाते. पण पूर्वीच्या घसटीने तिथे खडकाचा भुगा झालेला असतो, काही ठिकाणी चिकणमातीही तयार होते. त्यामुळे ती जागा अखंड खडकाच्या मानाने कमजोरच राहते. भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकत हिमालयाला रेटतो आहे. त्या रेट्याचा ताण इतक्या दूरवरच्या भेगांवरही येतो. वरच्या खडकाचे ओझे भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींवर दाबून धरते, म्हणून ती सरकत नाही.

मग पाणी नेमके काय करते? गरम आमटीची वाटी ओल्या ओट्यावर ठेवली की कधी कधी ती आपोआप सरकते. वाटीच्या बुडाखाली अडकलेली हवा तापून फुगते, वाटीचे थोडे वजन उचलून धरते आणि घर्षण कमी होते. भेगेत झिरपलेले पाणीही असेच वागते. ते दोन्ही बाजूंना आतून दूर लोटते आणि पकड सैल होते. म्हणजे पाणी खडकाला वंगणासारखे केवळ निसरडे करत नाही, मुख्य काम त्याच्या दाबाचे असते.

हा दाब दिसायला क्षुल्लक असतो. शंभर मीटर खोल पाण्याचा भार दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० किलो. पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचा भार सुमारे १,३०० किलो. पाण्याने पडणारी भर एक टक्काही नाही! पण भेग आधीच सरकण्याच्या बेतात असेल तर तेवढीही पुरते. म्हणजे भूकंपाची ताकद पृथ्वीच्या पोटात साठलेल्या ताणातून येते, पाणी फक्त निमित्त ठरते. म्हणूनच प्रत्येक तलावाखालची जमीन हादरत नाही. त्यासाठी मोठा, खोल जलाशय हवा आणि त्याच्या खाली ताणलेली भेगही हवी. तुंगार्लीचा तलाव कोयनेपुढे अगदीच लहान आहे.

पाणी खोलवर पोचायला वेळ लागतो, म्हणून परिणामही उशिरा दिसतो. कोयनेत पावसाळ्यात जलाशय भरल्यानंतरच्या महिन्यांत धक्क्यांची संख्या वाढते. अमेरिकेत डेन्व्हरजवळ १९६२ पासून एका खोल विहिरीत सांडपाणी दाबून सोडले गेले आणि तिथे भूकंप सुरू झाले. १९६६ मध्ये हे काम थांबवले, तरी सर्वात मोठे धक्के १९६७ मध्ये बसले.

कोयनेतले बहुतेक धक्के जेमतेम दहा किलोमीटर खोलीपर्यंतचे आणि एका मर्यादित टापूतले असतात. त्यामुळे जगभरच्या अभ्यासकांचे लक्ष तिकडे असते. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने तिथे तीन किलोमीटर खोल विंधनविवर खोदून खडकांचे नमुने काढले आहेत. तरीही अमुक दिवशी भूकंप होईल असे आज कोणालाही सांगता येत नाही.

म्हणून तयारी जमिनीवरच हवी. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप तीव्रतेने साधारण कोयनेएवढाच होता, पण त्यात हजारो माणसे गेली. तोही पहाटेच झाला आणि दगड-मातीच्या जड भिंती झोपलेल्यांवर कोसळल्या. भिंतींना घट्ट बांधून ठेवणारे काँक्रीटचे पट्टे आणि हलके छप्पर असेल तर असे घर पटकन ढासळत नाही.

ढिगाऱ्याखालचा धोका माणूस बाहेर निघाला तरी संपत नाही. हात-पाय बराच वेळ दबलेले असतील, तर भार हटताच चिरडलेल्या स्नायूंतले पोटॅशियम आणि इतर द्रव्ये रक्तात मिसळतात. पोटॅशियमने हृदय बंद पडू शकते, तर इतर द्रव्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. वैद्यकीय पथक हाताशी असेल तर भार उचलण्याआधीच सलाइन सुरू करतात. सुटका झालेला माणूस बोलता-चालता दिसला, तरी त्याला घरी न पाठवता थेट रुग्णालयात न्यावे आणि त्याला लघवी होते का, तिचा रंग चहासारखा काळपट आहे का, हे डॉक्टरांना सांगावे.