मेंदू नाही, तरी पोट भरल्याचं कळतं

आज भेटूया हायड्राला. तळ्यातल्या पाणवनस्पतीला चिकटून राहणारा, जेमतेम सेंटीमीटरभर लांबीचा हा प्राणी. शरीर म्हणजे एक नळी, तिच्या टोकाला तोंड आणि तोंडाभोवती शुंडके. डोळे नाहीत, मेंदूही नाही.

मी कन्सल्टिंगमधला माणूस. कुठलीही यंत्रणा पाहिली की आधी विचारतो, इथे निर्णय कोण घेतं? हायड्रात असा एक कुणी नाही. अंगभर चेतापेशींचं जाळं पसरलेलं असतं, त्यावरच सगळा कारभार चालतो.

डॅफ्नियासारखा पिसूएवढा जीव शुंडकाला लागला, की दंशपेशींतून विषारी सुया सुटतात. भक्ष्याला जखम होते आणि त्याच्या अंगातला द्रव पाण्यात मिसळतो. त्या द्रवात ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ असतो. तो जाणवला की शुंडके तोंडाकडे वळतात आणि तोंड उघडतं.

हे कशावरून? लूमिस या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५५ साली दाखवलं, की पाण्यात नुसतं ग्लुटाथायोन टाकलं तरी हायड्रा तोंड उघडतो. समोर भक्ष्य नसलं तरीही!

मग त्याला असं केव्हाही फसवता येईल? नाही. पोट भरलेला हायड्रा त्याच पदार्थाला फारशी दाद देत नाही. हे त्याच्या फायद्याचंच आहे, कारण दंशपेशीतली सुई एकदाच वापरता येते. म्हणजे बाहेरून आलेला निरोप पोटाची स्थिती पाहूनच पुढे जातो. जर्मनीतल्या कील विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवलं, की या कामात चेतापेशींचे वेगवेगळे गट आहेत. शरीराच्या आतल्या थरातला एक गट आपल्या आतड्यातल्या चेतापेशींसारखा वागतो, तर बाहेरच्या थरातला दुसरा गट हालचाली सांभाळतो.

आपल्या आतड्याच्या भिंतीतही कोट्यवधी चेतापेशींचं जाळं असतं आणि पचनाची बरीचशी कामं ते मेंदूला न विचारता करतं. भूक आणि तृप्ती यांचा हिशेब मेंदूपेक्षा जुना असावा, असं हायड्राकडे पाहून वाटतं.

मुलांना हे दाखवायचंय? जवळच्या तळ्यातलं पाणी थोड्या पाणवनस्पतींसह काचेच्या बरणीत आणा आणि एक-दोन दिवस खिडकीशी ठेवा. हायड्रा असलेच तर उजेडाच्या बाजूला काचेवर दिसतील. हाताशी भिंग ठेवा. आधी उपाशी हायड्राला डॅफ्निया द्या, मग जेवलेल्याला, आणि दोघांच्या वागण्यातला फरक मुलांनाच ओळखू द्या.

भेटूया पुढच्या भागात!