संतप्रतिमेतील चिन्ह : शेगाव आणि सिएना

भक्तिचित्रातील संत ओळखला जातो तो बहुधा मुद्रेवरून नव्हे, तर हातातील वस्तूवरून. किल्ल्या दिसल्या की पीटर, मोडके चाक दिसले की कॅथरीन, हा संकेत युरोपीय प्रबोधनकाळात सर्वपरिचित होता. त्यामागे तेराव्या शतकातील याकोबुस दे वोराजिनेच्या ‘सुवर्णकथे’सारखे चरित्रसंग्रह उभे होते. म्हणजे आधी शब्द, मग रंग.

हा क्रम बुलढाणा जिल्ह्यातील शेगावी उलटा झालेला दिसतो. गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी येथे प्रथम दिसले आणि ८ सप्टेंबर १९१० रोजी समाधिस्थ झाले. दासगणूंचा एकवीस अध्यायांचा ‘श्रीगजानन विजय’ १९३९ चा. तोवर महाराजांना प्रत्यक्ष पाहिलेल्यांच्या स्मरणातच त्यांचे रूप वावरत होते : दिगंबर देह, आजानुबाहू बांधा, हाती चिलीम.

या चिलमीपाशी पोथी आणि प्रतिमा यांची वाट वेगळी होते. दासगणू चिलमीचे समर्थन करतात. महाराज ती ओढीत, पण तिची आसक्ती त्यांना नव्हती, असा त्यांचा खुलासा आहे. संशयी श्रोता गृहीत धरूनच ही ओवी चालते. चित्र असा खुलासा करीत नाही. ते चिलीम ठेवते आणि थांबते. वाचकाला जी अडचण वाटते, तीच पाहणाऱ्याला ओळखीची खूण होते.

याला सिएनाच्या बर्नार्दिनोचा (१३८०–१४४४) दाखला जुळतो. येशूच्या नामाक्षरांची फळी तो प्रवचनात लोकांपुढे धरी. तिच्यामुळेच त्याच्यावर पाखंडाचा आरोप आला आणि पोप पाचव्या मार्टिनपुढे त्याला उत्तर द्यावे लागले. तो निर्दोष ठरला. १४५० मध्ये त्याला संतपदही मिळाले. सानो दि पिएत्रोने रंगविलेला बर्नार्दिनो खोल गेलेल्या गालांचा, कृश आहे. त्याला पाहिलेली माणसे तेव्हा हयात होती, त्यामुळे चेहरा बदलण्याची मुभाच नव्हती. आणि हातात? आरोपाचे मूळ असलेली तीच नामाक्षरे.

प्रसंगचित्रांची गोष्ट निराळी. जानकीराम सोनाराने नाकारलेला विस्तव किंवा गोविंदबुवांचा द्वाड घोडा हे प्रसंग रंगविताना चित्रकाराला पोथीचाच आधार घ्यावा लागतो. मात्र पोथी जेथे मौन पाळते, तेथे चित्रही रिकामे राहते. महाराजांचे कुळ व मातापिता दासगणूंनी अज्ञातच ठेवले; म्हणून ‘पवित्र कुटुंबा’सारखी माता-बालकाची रचना शेगावच्या चित्रपरंपरेत संभवत नाही. त्याच जिल्ह्यात, जिजाऊंच्या जन्मस्थानी सिंदखेडराजा येथे, माता आणि बालक हीच मुख्य प्रतिमा आहे.